बातमीतला वायू चुकला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानाच्या पानावर गेल्या आठवड्यात चिघळलेल्या जखमांवरच्या एका नव्या उपायाची बातमी आली होती. नायट्रिक ऑक्साइड हा वायू वापरून जिवाणूंचा चिवट थर फोडता येतो, अशी. विषय मोलाचा आहे. त्याला जागा दिलीत म्हणून आनंद झाला आणि तो चौकटीपर्यंत टिकला. चौकटीत ठळक अक्षरांत छापलंय, की दातांच्या डॉक्टरांकडे असतो तोच हा ‘हसवणारा वायू’.

तो नाही हो हा. हसवणारा तो नायट्रस ऑक्साइड. त्यात नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. स्वभावाने शांत, नळकांड्यात वर्षानुवर्षं पडून राहील. नायट्रिक ऑक्साइडमध्ये दोन्हींचा एकेकच अणू. इलेक्ट्रॉनची संख्या विषम, त्यामुळे एक इलेक्ट्रॉन कायम जोडीदार शोधत असतो आणि हा वायू कुठेही स्वस्थ बसत नाही. हवेतला ऑक्सिजन भेटला की त्याचा तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड होतो. रक्तात शिरला तर हिमोग्लोबिन त्याला तिथल्या तिथे गिळून टाकतं. शरीरात त्याचं आयुष्य काही सेकंदांचं. नावात एका अक्षराचा फरक, पण एकाऐवजी दुसरा तेवढाच हुंगला तर हसू येणार नाही, जीव जाईल.

निव्वळ एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. वयोमानाने माणूस चुका काढायला लागतो, हे मला घरचे रोज ऐकवतात. पण बातमी माझ्या थोरल्या दिरांनी वाचली. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांनी ती कापून ठेवली आणि मी गेले तेव्हा पुढे करून विचारलं, “म्हणजे आता अँटिबायोटिकच्या गोळ्या लागणार नाहीत ना?” बातमीचं शेवटचं वाक्य तसंच आहे. हा वायू जिवाणूंना मारतो, तेव्हा प्रतिजैविकांची गरज संपेल, असं. भाऊजींनी ज्या माणसाला हा प्रश्न विचारला, त्या माणसाने २००३ साली त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप केला होता. ती मी. म्हणून जरा सविस्तर लिहिते. छापताना कात्री लावलीत तरी चालेल, फक्त अर्थावर लावू नका.

मी ३१ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. डॉक्टर नव्हे, संशोधक तर नव्हेच. स्वॅब आला की ब्लड अगार आणि मॅकॉन्की अगार, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या प्लेटवर लूपने रेघा ओढायच्या, रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी उगवलेल्या वसाहतींतल्या चार-पाच टोकून घ्यायच्या, सलाइनमध्ये ठरावीक गढूळपणा येईपर्यंत मिसळायच्या, तो द्रव म्युलर-हिंटन अगारवर कापसाच्या बोळ्याने सारखा पसरायचा आणि वर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या मांडायच्या. तिसऱ्या दिवशी चकतीभोवती किती मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ पडलं ते पट्टीने मोजायचं, तक्त्याशी ताडून पाहायचं आणि रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ (औषध लागू पडतं) किंवा ‘रेझिस्टंट’ (पडत नाही) लिहायचं. हजारो वेळा केलं असेल. डोळे मिटूनही करता येईल.

भाऊजींना मधुमेह. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, बोथट संवेदनेमुळे त्यांना ती चार दिवस कळलीच नाही. ड्रेसिंग काढलं की पट्टीवर हिरवट-निळसर डाग दिसायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला तेवढा डाग पुरतो. प्लेट उघडली आणि द्राक्षांसारखा तो गोडसर वास आला. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू. मी स्वतः प्लेट लावली होती, मीच चकत्या ठेवल्या. सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती २६ मिलिमीटर. जेंटामायसिन, सेफ्टाझिडिम, सगळीकडे स्वच्छ मोकळी वर्तुळं. इतका सरळ रिपोर्ट त्या महिन्यात दुसरा नव्हता. मी घरी येऊन सांगितलं, काळजी नको, सगळी औषधं लागू पडतायत.

दहा दिवस गोळ्या झाल्या. जखम कोरडी पडली, कडा गुलाबी झाल्या. गोळ्या थांबल्या आणि दोन-अडीच आठवड्यांत पट्टी पुन्हा हिरवी. पुन्हा स्वॅब, पुन्हा तोच जिवाणू, पुन्हा ‘सेन्सिटिव्ह’. पुन्हा गोळ्या, या वेळी दोन आठवडे. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी पट्टी हातात घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, “भाऊजी, रिपोर्ट चुकत नाही. तुम्ही गोळ्या बुडवताय.”

ते काही बोलले नाहीत. उठले आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात गोळ्यांच्या सगळ्या रिकाम्या पाकिटांच्या पट्ट्या होत्या, तारखेप्रमाणे रबर लावून. प्रत्येक गोळीच्या मागे बॉलपेनने वेळ लिहिलेली. एकही बुडालेली नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला काचेच्या नळ्या धुतल्या जायच्या. धुणाऱ्या मावशींची एक जुनी तक्रार होती, की काही नळ्यांच्या आत, जिथपर्यंत द्रव असतो त्या रेषेवर एक बुळबुळीत कडं चिकटतं आणि ते नुसत्या पाण्याने जात नाही, ब्रशने घासावं लागतं. आम्ही म्हणायचो, मग घासा. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक विद्यार्थिनी तिच्या प्रबंधाच्या कामासाठी आमच्याकडे आली. तिने अशा नळ्यांतला द्रव ओतून टाकला, नळ्या हलक्या हाताने विसळल्या, त्यात क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग घातला आणि पुन्हा धुतल्या. सगळा रंग वाहून गेला, कडं तेवढं गडद जांभळं उरलं. “मॅडम, हीच बायोफिल्म,” ती म्हणाली. मी आयुष्यभर जो द्रव तपासला, तो तिने मोरीत ओतून दिला होता. आणि जे मावशींना घासून काढायला लावलं, ते ती मोजत होती.

आमच्या रिपोर्टची गोची इथे आहे. जखमेत, मूत्रमार्गात घातलेल्या नळीवर, कृत्रिम सांध्यावर, दातांवर जिवाणू सुटे पोहत नसतात. ते आधी पृष्ठभागाला चिकटतात, मग आपल्याभोवती एक चिकट मातीकाम करतात. लांब साखळ्यांच्या शर्करा, प्रथिनं आणि मेलेल्या भाईबंदांच्या पेशींतून सांडलेला डीएनए, असं सगळं त्यात असतं. वरच्या थरातले ऑक्सिजन खाऊन टाकतात, त्यामुळे आतले उपाशी आणि सुस्त. बहुतेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या, विभाजन करणाऱ्या पेशींवर चालतात. जो वाढतच नाही त्याचं काय बिघडवणार? शिवाय काही पेशी तर चक्क झोपेत असतात. बिगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४४ सालीच पाहिलं होतं, की पेनिसिलिनचा मारा करूनही मूठभर जिवाणू उरतात, आणि ते औषधाला सरावलेले नसतात, नुसते निपचित पडून असतात. औषध गेलं की जागे होतात. बायोफिल्ममधल्या जिवाणूला मारायला सुट्या जिवाणूच्या शेकडो, कधी हजार पट औषध लागू शकतं. एवढं औषध माणसाला देता येत नाही.

आणि मी काय करत होते? त्यांचं घर मोडून, सलाइनमध्ये ढवळून, प्रत्येकाला सुटं करून, ताज्या अन्नावर वाढायला ठेवून मग परीक्षा घेत होते. तिथे ते पहिल्या फटक्यात मरणारच. रिपोर्ट खोटा नव्हता. मी ज्या जिवाणूची तपासणी केली, तो भाऊजींच्या पायात नव्हता एवढंच.

ही गोष्ट नवी आहे असंही नाही. भिंगातून जिवाणू पहिल्यांदा पाहणाऱ्या लेव्हेनहूकने १६८० च्या दशकात स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली पाहिलं, त्यात वळवळणारे जीव दिसले. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली, तर किटणाच्या बाहेरच्या बाजूचे तेवढे मेले, आतले जिवंत. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ ही नोंद कागदावर आहे. मधे आपल्याला सुट्या जिवाणूंचं वेड लागलं, कारण ते प्लेटवर छान उगवतात. बायोफिल्म हा शब्द वैद्यकात रुजवायला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बिल कॉस्टर्टन यांनी १९७० च्या दशकापासून दोन-तीन दशकं घासाघीस केली, तेव्हा कुठे डॉक्टरांनी मान डोलावली.

आता तुमच्या बातमीतल्या मुख्य वाक्याकडे येते. नायट्रिक ऑक्साइड जिवाणूंना ‘मारतो’. मारू शकतो, हे खरं आहे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर जे काही फेकतात त्यात हा वायू असतोच. प्रयोगशाळेत २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग) इतक्या तीव्रतेचा वायू सोडून जिवाणू मारूनही दाखवले गेलेत. पण बायोफिल्म फोडण्याच्या बाबतीत ज्या शोधाने लोकांचे कान टवकारले, तो मारण्याचा नव्हता.

२००६ साली सिडनीत न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या बराऊ, वेब, राइस, शेलेबर्ग वगैरे मंडळींनी स्यूडोमोनासच्या बायोफिल्मवर एक निबंध प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा मी तो तीनदा वाचला. त्यांना एक जुनं कोडं सोडवायचं होतं. बायोफिल्म जुनी झाली की तिच्यातल्या गाठी आतून पोकळ होतात, आतले जिवाणू पोहत बाहेर पडतात. त्यांना ‘चला’ असं सांगतं कोण? उत्तर निघालं, नायट्रिक ऑक्साइड. आणि तो बाहेरून येत नाही. ऑक्सिजन संपलेल्या आतल्या भागात स्यूडोमोनास नायट्रेटवर श्वास घेतो. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन. तुमच्या चौकटीतला हसवणारा वायू या साखळीत आहे बरं का, पण पुढच्या पायरीवर. ज्या जिवाणूंचं नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं विकर (एन्झाइम) काढून टाकलं, ते घर सोडून निघालेच नाहीत. ज्यांचं नायट्रिक ऑक्साइड संपवणारं विकर काढलं, त्यांच्यात तो साचला आणि ते जास्तच पांगले. इतकी देखणी मांडणी क्वचित पाहायला मिळते.

मग त्यांनी बाहेरून देऊन पाहिला. हा वायू सोडणारं एक रसायन, सोडियम नायट्रोप्रुसाइड, अवघं ५०० नॅनोमोलर. जिवाणू मारायला जेवढं लागेल त्याच्या किती तरी खाली. जिवाणू मेले नाहीत. उठले. काचेवरचा थर विरळ झाला आणि द्रवात पोहणाऱ्यांची गर्दी वाढली. आणि खरी मेख पुढे आहे. त्याच मात्रेसोबत टोब्रामायसिन हे प्रतिजैविक दिलं, तर जी बायोफिल्म एकट्या टोब्रामायसिनला दाद देत नव्हती ती साफ होऊ लागली.

हे घडतं कसं, तेही आता बऱ्यापैकी कळलंय. जिवाणूच्या पेशीत सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा एक निरोप्या रेणू असतो, तो १९८७ साली जेरुसलेममध्ये बेन्झिमान यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तो रेणू भरपूर असला की जिवाणू बैठक मारतो, चिकट द्रव्य गाळतो. कमी झाला की शेपटी हलवतो आणि पोहायला निघतो. नायट्रिक ऑक्साइडमुळे हा रेणू तोडणाऱ्या विकरांना जोर चढतो. म्हणजे वायू भिंत पाडत नाही. आत राहणाऱ्याला उठून जाण्याची बुद्धी देतो, आणि तो उठला की पुन्हा साधा, भुकेला, वाढणारा जिवाणू होतो. माझ्या प्लेटवरचा जिवाणू. २६ मिलिमीटरवाला.

हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले. रिपोर्ट ज्या जिवाणूबद्दल बोलतो, तो जखमेत तयार करायचा आणि त्याच वेळी रिपोर्टमधलं औषध तिथे हजर ठेवायचं, असा हा सगळा डाव आहे. त्यातून औषध वगळलं तर काय राहिलं?

काय राहतं, त्याचं उत्तरही मिळालेलं आहे आणि ते भयंकर आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात उंदरांच्या जखमेतली बायोफिल्म शर्करा तोडणाऱ्या विकरांनी विस्कटली. सोबत प्रतिजैविक नव्हतं तेव्हा सुटलेले जिवाणू रक्तात शिरले आणि उंदीर रक्तातल्या जंतुसंसर्गाने मेले. प्रतिजैविक दिलेले वाचले. त्यात साधन वेगळं होतं, नायट्रिक ऑक्साइड नव्हतं. पण पांगवलेला जिवाणू कुठे तरी जाणारच, हे साधनावर अवलंबून नाही. पोळ्याला धूर द्यायचा तर आधी तोंड-हात झाकून घेतात. तुमच्या बातमीने धूर द्यायला सांगितलं आणि घोंगडी काढून घेतली.

भाऊजींच्या पायाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ते याच रांगेत बसतं. चौथ्या खेपेला एका वयस्कर सर्जननी जखम पाहिली. स्वॅबचा रिपोर्ट त्यांनी नीट वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, “औषध बरोबर आहे, ते पोचत नाहीये.” त्यांनी जखम खोल खरवडली, मेलेलं सगळं काढलं, एका बोटाच्या हाडापर्यंत गेलेलं होतं तेही. आणि त्याच दिवसापासून प्रतिजैविक शिरेतून. खरवडल्यावर थर पुन्हा जमायला एक-दोन दिवस लागतात, त्या मधल्या वेळेत औषध आत असलंच पाहिजे, असं ते म्हणाले. दोन-तीन दिवसांनी पुन्हा खरवडलं. जखम भरली. दोन बोटं गेली. औषध तेच होतं, माझ्याच रिपोर्टमधलं.

नायट्रिक ऑक्साइडकडून आशा आहे ती या चाकूच्या जागी, किंवा चाकूच्या जोडीला. जिथे चाकू पोचत नाही तिथे तर जास्तच. फुप्फुसात काय खरवडणार? सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत स्यूडोमोनास वर्षानुवर्षं गाठी करून राहतो. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला १२ रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या प्रतिजैविकांसोबत काहींना १० पीपीएम नायट्रिक ऑक्साइड हुंगायला दिला, काहींना नुसताच देखावा. वायू मिळालेल्यांच्या थुंकीतल्या जिवाणूंच्या गाठी उपचार चालू असताना कमी झाल्या. १२ माणसं म्हणजे काहीच नाही, हे ते स्वतःच म्हणतात, आणि उपचाराचा परिणाम कायम टिकतो असं यातून निघत नाही. पण मात्रा बघा. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या नवजात बाळांना हाच वायू २० पीपीएमने द्यायला अमेरिकेत १९९९ पासून परवानगी आहे. म्हणजे बाळांना देतात त्याच्या निम्म्या मात्रेत जिवाणूंच्या वस्तीवर परिणाम दिसला.

अडचणींबद्दल बातमीत अवाक्षर नाही, म्हणून दोनच सांगते. हा वायू सेकंदात संपतो, तेव्हा तो जखमेपर्यंत न्यायचा कसा? वायू सोडणारी औषधं, जेल, ड्रेसिंग असे प्रयत्न चालू आहेत, मधुमेही पायाच्या जखमांवर अशा ड्रेसिंगच्या चाचण्याही झाल्या आहेत. वर सांगितलेलं सोडियम नायट्रोप्रुसाइड प्रयोगशाळेत ठीक, पण ते तुटताना सायनाइड सोडतं, त्यामुळे जखमेवर वापरायच्या गोष्टी करू नयेत. आणि वायू जास्त झाला तर रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं आणि ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. सगळे जिवाणू हा निरोप सारखाच ऐकत नाहीत. काही जातींमध्ये नायट्रिक ऑक्साइड मिळाल्यावर बायोफिल्म उलट दाट होते. त्यामुळे कुठल्या जखमेत कोण बसलाय हे आधी ओळखावं लागणार, म्हणजे कुणाला तरी प्लेट लावाव्याच लागणार. माझ्या जुन्या सहकाऱ्यांची नोकरी शाबूत आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्हा लॅबवाल्यांचा एक जुना वैरी आहे, बीटा-लॅक्टमेज. जिवाणूचं हे विकर पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन जातीच्या औषधांची कडी तोडून ती निकामी करतं. कितीदा या एका विकरापायी मी ‘रेझिस्टंट’ लिहिलं असेल. ऑस्ट्रेलियातल्याच रसायनशास्त्रज्ञांनी आणि त्या बराऊ मंडळींनी मिळून २०१२ साली एक रेणू मांडला. सेफॅलोस्पोरिनच्या पाठीला नायट्रिक ऑक्साइड सोडणारा तुकडा जोडला. जिवाणू सवयीप्रमाणे विकर पाठवून कडी तोडतो, आणि कडी तुटली की तो तुकडा सुटून वायू तिथल्या तिथे मोकळा होतो. इतर ठिकाणी कुलूप बंद. चोराने कुलूप फोडावं आणि त्यातूनच घंटा वाजावी! हे अजून प्रयोगशाळेतलं आहे, औषधाच्या दुकानातलं नाही, पण वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. हसवणारा वायू म्हणायचाच असेल तर या अर्थाने म्हणा, माझी हरकत नाही.

मी डॉक्टर नाही, हे पुन्हा सांगते. कुणी या पत्रावरून कसलाही उपचार सुरू किंवा बंद करू नये. बातमीतल्या ‘गरज संपेल’ या वाक्यावरून तर मुळीच नाही. आपल्या वाचकांत असे किती तरी असतील, ज्यांच्या घरात आज कुणाच्या तरी पायावर पट्टी आहे, आणि गोळ्यांचा कोर्स निम्मा झालाय. त्यांच्यापैकी एखाद्याने ते वाक्य वाचून पाकीट बाजूला ठेवलं असेल, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत द्यावी ही विनंती. त्यात वायूचं नाव नायट्रिक ऑक्साइड असं, ‘क’ वर बोट ठेवून तपासून छापा. तो थोड्या मात्रेत जिवाणूंना पांगवतो, आणि पांगलेल्यांना मारायला प्रतिजैविक सोबत लागतं, एवढी दोन वाक्यंही असू द्यात.

भाऊजी ८१ वर्षांचे आहेत. त्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं, तासभर लागला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग दुरुस्ती कधी येणार?” आपली बातमी त्यांनी त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. दुरुस्तीचं कात्रण तिला टाचायला टाचणीही काढून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ